पुढारीपणाची तालीम



पुढारी जन्मावा लागतो, घडवितां येत नाहीं, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. हा समज मोठा सोयीचा आहे. कारण त्यामुळें ज्याच्या अंगीं गुण आहेत त्यालाहि श्रम नकोत, आणि ज्याच्या अंगीं नाहींत त्यालाहि नकोत. पहिलवानाविषयीं मात्र आपण असें बोलत नाहीं. जत्रेच्या दिवशीं कुस्ती मारणारा गडी वर्षभर तालमींत घाम गाळतो, हें आपण जाणतों. चार माणसांकडून काम करून घेणें हीसुद्धां तशीच मेहनतीची विद्या आहे. तिची तालीम कशी करावी, एवढाच आजचा विषय.

सोयीसाठीं एक गांव डोळ्यांपुढें घेऊं. बुलढाणा जिल्ह्यांत, खामगांव तालुक्यांत पिंपळगांव राजा हें गांव आहे. तेथें कोणी मोठा साहेब नसला, तरी शाळेचा मुख्याध्यापक आहे, दुकानाचा मालक आहे, पंचायतीचा सरपंच आहे. त्या प्रत्येकाच्या शब्दावर कांहीं माणसें कामाला लागतात. आपल्या शहरांतील कचेरीची गोष्ट याहून निराळी नाहीं.

हा मुलूख कापसाचा. खामगांवची कापसाची बाजारपेठ एवढी मोठी होती, कीं जलंबपासून खामगांवपर्यंत रेल्वेचा खास फांटा १८७० सालीं सुरू झाला. पुढें सातच वर्षांनीं, १ जानेवारी १८७७ रोजीं, जमशेटजी टाटा यांनीं नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस जवळ आणि कोळसाहि जवळ, म्हणून त्यांनीं मुंबई सोडून नागपूर पसंत केलें. व्यवस्थापक म्हणून निवडले बेझनजी दादाभाई मेहता. हे गृहस्थ रेल्वेच्या मालखात्यांतले. गिरणीच्या धंद्याची त्यांना पूर्वींची माहिती नव्हती.

गिरणीपुढें लौकरच एक पेंच उभा राहिला. कामगार वाटेल तेव्हां गैरहजर राहत. दंड करावा, मजुरी कापावी, हे उपाय त्या काळच्या कोणत्याहि मालकाला प्रथम सुचले असते. पण ज्याला रोजच्या हजेरीची संवय नाहीं, त्याला एका दिवसाच्या मजुरीची कापणी फारशी बोंचत नाहीं. जमशेटजींनीं दुसरी वाट धरली. नियमानें येणाऱ्यांना समारंभपूर्वक बक्षिसें मिळूं लागलीं. १८८६ सालीं निवृत्तिवेतनाचा निधि निघाला. १८९५ सालीं अपघाताची भरपाई सुरू झाली. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा हिंदुस्थानांत १९२३ सालीं झाला, हें लक्षांत घेतलें म्हणजे ही पावलें किती आधींचीं होतीं तें कळेल. येथें राहण्यांत आपलें हित आहे, असें कामगाराला वाटलें पाहिजे, हा त्यांतला विचार.

यांतून पहिली संवय निघते. काम बिघडलें कीं "कोणी केलें?" असें विचारण्यापूर्वीं "कां झालें?" असें विचारावें. हिची तालीम सोपी आहे. एक महिनाभर कोणत्याहि चुकीचा निकाल त्याच घटकेला देऊं नये. करणाऱ्याचें म्हणणें आधीं ऐकावें आणि कारण एका वहींत टिपावें. महिनाअखेर ती वही वाचली म्हणजे दिसूं लागतें, कीं किती चुका माणसाच्या होत्या आणि किती आपल्याच व्यवस्थेच्या.

दुसरी संवय आपण मागाहून बोलण्याची. बैठकींत मुख्यानें आपलें मत प्रथम सांगितलें, कीं बाकीच्यांना मान डोलावण्यापलीकडे काम उरत नाहीं. म्हणून वयानें व हुद्द्यानें लहान असेल त्यानें आधीं बोलावें, मुख्यानें शेवटीं.

गांवच्या कारभारांत तर या संवयीवर फार कांहीं अवलंबून आहे. घटनेची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजीं अमलांत आली आणि पंचायतींत स्त्रियांना निदान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रानें २०११ सालीं त्या निम्म्या केल्या. तरीहि खुर्ची बाईंची आणि बोलणें त्यांच्या यजमानांचें, हें दृश्य नाहींसें झालेलें नाहीं. यावर तालमीची जागा कायद्यानेंच दिली आहे. महाराष्ट्रांत नियमित ग्रामसभेपूर्वीं महिलांची सभा भरवावी लागते. पिंपळगांव राजासारख्या गांवीं एखाद्या बाईनें नळाच्या पाण्याची तक्रार त्या सभेंत मोठ्यानें मांडली, ठराव करविला आणि तो वहींत लिहवून घेतला, तर ग्रामसभेंत शिरतांना तिची जीभ अडखळणार नाहीं. त्याच वेळीं यजमानांनींहि एक तालीम करावयाची आहे. ती गप्प बसण्याची.

तिसरी संवय काम सोंपविण्याची. अहिल्यानगर जिल्ह्यांत, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर जिल्ह्यांत, लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पहिलीं सुमारे दहा वर्षें त्याचें अध्यक्षपद अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे होतें. पुढें तें विखे पाटलांकडे आलें. पंडितानें शेतकऱ्यांच्या बरोबर बसून कारभार करावा आणि घडी बसल्यावर ज्याचें घर त्याच्या स्वाधीन करावें, हा धडा आपल्या प्रत्येक कचेरीनें गिरवण्याजोगा आहे. काम देतांना मुदत सांगावी, अधिकार द्यावा, आणि मुदतीच्या दिवसापर्यंत हात मागें ठेवावा. हें फार कठीण जातें. दुसऱ्याचें अर्धवट काम पाहिलें कीं तें ओढून घ्यावेंसें वाटतें. पण ओढून घेतलेलें काम पुन्हा आपल्याच गळ्यांत पडतें आणि समोरचा माणूस कायमचा शिकाऊ राहतो.

तिन्ही संवया एकदम धरूं नयेत. एका महिन्यास एक पुरे. घाईच्या दिवशीं जुनी खोड उसळून येतेच. तिच्यासाठीं आपल्या हाताखालच्याच एका विश्वासू माणसाला आठवण देण्याची मुभा द्यावी, आणि त्यानें ती दिली असतां रागावूं नये. ही शेवटची गोष्ट जमली, तर बाकीच्या जमतील.

आपल्या हाताखालचीं माणसें रोज सायंकाळीं घरीं जातात. त्यांच्या घरच्या जेवणाला गोडी असावी कीं नसावी, हें पुष्कळ अंशीं आपल्या दिवसभराच्या वागण्यावर ठरतें. उद्यां कचेरींत जाल तेव्हां, निदान पहिल्या चुकीच्या वेळीं, "कां झालें?" एवढेंच विचारून पाहा.