शिकणारी सिस्टर, शिकविणारी सिस्टर
(संस्थेच्या वार्षिक सभेत परिचारिका विभागाच्या वतीने केलेले भाषण)



आपल्या देणगीतून घेतलेले यंत्र डोळ्यांना दिसते, त्यावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. परिचारिकेच्या शिक्षणासाठी दिलेली रक्कम तशी दिसत नाही. तिचा हिशेब आज आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत.

3 वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम पूर्ण करून आमच्यापैकी अनेकजणी रुग्णसेवेत आल्या. पुढे नवजात शिशू, अतिदक्षता, कर्करोग अशा एखाद्या शाखेत प्रावीण्य मिळवायचे, तर 1 वर्षाची पदविका आहे. अध्यापनाकडे वळायचे, तर 2 वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. आणि त्यानंतर 2 वर्षांचे एम.एस्सी. नर्सिंग. वाट आहे, परंतु ती सोपी नाही. एक सिस्टर शिकावयास गेली, की तिच्या रात्रपाळ्या इतरजणींवर येतात आणि पगार थांबला, तर तिचे घर अडते.

'शिकून ती दुसरीकडे गेली तर?' असे आम्हांस विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, काहीजणी गेल्याही. त्याचे उत्तर आम्हांस नवजात शिशू कक्षात मिळाले. पदविका घेऊन परतलेल्या एका सिस्टरला रात्रपाळीत कमी वजनाचे एक बाळ दूध टाळताना दिसले. ताप नव्हता, पण पाय गार होते. नवजात बाळाच्या जंतुसंसर्गात ताप असतोच असे नाही, हे ती शिकून आली होती. तिने तत्काळ डॉक्टरांना बोलाविले आणि उजाडण्यापूर्वी उपचार सुरू झाले. त्यानंतर पाळी बदलताना ती रोज दहा मिनिटे नव्या मुलींना शिकवू लागली. आज त्या कक्षातील प्रत्येकजण बाळाच्या पायांना हात लावून पाहते. उद्या ती गेली, तरी तिने शिकविलेल्या येथेच असतील.

1909 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने, स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाची वाट खुली केली. ती पुढे नेणे आपणां सर्वांच्या हाती आहे.

शिकावयास जाणाऱ्या सिस्टरचा पगार आणि तिच्या जागी बदली परिचारिका, एवढी तरतूद शिक्षणनिधीतून व्हावी, ही आमची नम्र विनंती. या देणगीवर पाटी लागणार नाही. पण मध्यरात्री आपल्या माणसाच्या उशाशी एक जाणता हात असेल.