प्रवाळपेटीसाठी दगडाची निवड

खाऱ्या पाण्याची पेटी घरी उभारून तीत प्रवाळ वाढवू इच्छिणाऱ्याची दृष्टी प्रथम माशांच्या रंगांवर जाते. खर्चाचा अंदाज चुकतो तो मात्र दगडांपाशी. हा दगड केवळ शोभेचा नव्हे. माशांच्या उत्सर्गातून निघणारा अमोनिया माशांनाच मारक होतो. दगडाच्या छिद्राछिद्रांत वसणारे सूक्ष्म जंतू त्याचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात. पेटीचे सफाईखातेच ते, आणि तेही बिनपगारी!

जकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात हीच गोष्ट मांडली होती. जिवंत दगड, समुद्राचे पाणी आणि हवेचे बुडबुडे, एवढीच त्यांची सामग्री. पुढे असा 'जिवंत खडक' बाजारात आला आणि त्यापायी समुद्रतळ उकरला जाऊ लागला. अखेर फ्लोरिडा राज्याने १९८९ मध्ये आपल्या हद्दीत त्यास बंदी केली. तेव्हापासून तेथील व्यावसायिक जमिनीवरच्या खाणीतील चुनखडक समुद्रात नेऊन टाकतात आणि त्यावर जीवसृष्टी वसली की बाहेर काढतात. हा माल चांगला, पण महाग.

बेताच्या ऐपतीच्या माणसाने खाणीतला कोरडा दगडच घ्यावा. प्राचीन प्रवाळांचाच तो अवशेष. फ्लोरिडातील की लार्गोचा चुनखडक सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीचा आहे. त्यातून उपद्रवी खेकडे घरात शिरत नाहीत, हा आणखी एक लाभ. दगड वजनावर विकला जातो, हे मात्र विसरू नये. घट्ट, जड दगड दराने स्वस्त असूनही अंती महाग पडतो. हलका व सच्छिद्र दगड तेवढ्याच पैशांत अधिक जागा व्यापतो आणि जंतूंना अधिक घरे देतो. व्हिनेगरचा थेंब टाकताच फेस आला, तर दगडात चुना आहे असे समजावे. गंजासारखे डाग असलेला दगड घेऊ नये.

गोव्यातील श्रोत्यास येथे अंगणातला जांभा आठवेल. जांभा सच्छिद्र खरा, परंतु तो लोहयुक्त. या कामी नको. आणि किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे तर गुन्हाच होय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये प्रवाळांचा समावेश झालेला आहे.

कोरड्या दगडात एकच उणीव, ती म्हणजे त्यावर जंतू नसतात. म्हणून तो घासून, गोड्या पाण्यात वारंवार भिजवून घ्यावा. छिद्रांत वाळलेले जीव राहिले तर ते कुजून पाण्यात फॉस्फेट वाढते व शेवाळ माजते. नंतर खात्रीच्या, चालू पेटीतला मूठभर जिवंत दगड विरजणासारखा त्यात ठेवावा. विरजण लागावयास येथे एक रात्र नव्हे, बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. पैसा वाचतो तो या प्रतीक्षेतूनच. पाण्याच्या परीक्षेत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यानंतरच पहिला मासा आणावा.