भावंडांची वाट
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात सिद्धेश्वर येथे दिंडीच्या वतीने केलेले भाषण)

विणेकरी, चोपदार, टाळकरी, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या मायबहिणी आणि जमलेल्या गावकरी माउलींनो,

शंभर वर्षांच्या हिशोबात किती मुक्काम झाले, किती पंगती उठल्या, हे दुसरे वक्ते सांगतील. आम्हाला फक्त एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती भावंडांची आहे.

आपण नामदेवरायांच्या मुलखातली माणसं. नरसी आपल्या जिल्ह्यात. ज्या औंढ्याला त्यांना विसोबा खेचर गुरू भेटले, ते तर आपल्या शेजारी. ज्ञानोबांबरोबर नामदेवराय तीर्थयात्रेला गेले आणि त्यांच्या समाधीचं वर्णनही त्यांनीच अभंगांत करून ठेवलं. म्हणून त्या चार भावंडांचं दुःख आपल्याला घरातल्यासारखं कळतं.

जरा महिने मोजा. शके 1218, म्हणजे सन 1296. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत ज्ञानोबांनी समाधी घेतली. पुढच्याच मार्गशीर्षात सासवडला सोपानकाका गेले. वैशाखात तापीकाठी मुक्ताई गेली. राहिले ते निवृत्तीनाथ, सगळ्यांत थोरले. आई-वडील लहानपणीच गेलेले, धाकट्यांना त्यांनीच सांभाळलेलं. आता तीनही धाकटी डोळ्यांदेखत गेली. मग ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरी तेही समाधिस्थ झाले. साताठ महिन्यांत एक घर रिकामं झालं. ते ज्ञानी होते, योगी होते, हे खरंच. पण नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत थोरल्या भावाचा शोक आहे. संतांनासुद्धा भाऊ गेल्यावर रडू आलं, हे आपल्या संप्रदायानं झाकून ठेवलेलं नाही.

आता बघा, वारकऱ्यांनी या दुःखाचं काय केलं. चौघांच्या समाध्या चार ठिकाणी, पण आषाढीला चौघांच्या पालख्या निघतात. मुक्ताईची वाट लांबची, म्हणून ती लवकर निघते. खानदेशातून विदर्भ, मराठवाडा ओलांडत येते, बीडला आजोबा गोविंदपंतांना भेटते आणि पुढं जाते. वेळापूर सोडल्यावर भंडीशेगावच्या वाटेवर टप्पा म्हणून जागा आहे. तिथं ज्ञानोबा आणि सोपानकाकांच्या पालख्या एकमेकींना भेटतात. श्रीफळाची देवघेव होते. ती बंधुभेट. आपली दिंडी त्या वाटेनं जात नाही, पण आपल्यातले काही जण मुद्दाम जाऊन बघून आले. ते सांगतात, त्या घडीला बापे लोक मोठ्यानं रडतात. सातशे वर्षांमागं गेलेल्या भावांची भेट बघून माणूस का रडतो? त्याला स्वतःचा भाऊ आठवतो म्हणून.

आपल्या दिंडीतलंच एक सांगतो. नाव सांगत नाही, ते इथंच बसलेले आहेत. 2020 आणि 2021 ला पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. त्या दुसऱ्या वर्षी यांचा धाकटा भाऊ साथीत गेला. दोघांत चार वर्षं बोलणं नव्हतं. कारण काय, तर धुरा. शेवटची भेटही झाली नाही. 2022 ला वारी पुन्हा सुरू झाली, तेव्हा हे भावाचे टाळ गळ्यात घालून आले. सोबत स्वखर्चानं पाण्याचा टँकर आणला. औंढ्यापासून पंढरपूरपर्यंत, वाटेत भेटेल त्या दिंडीला पाणी. त्यांचं मागणं एकच होतं, टँकरवर भावाचं नाव लिहू द्या.

गंगाखेडच्या मुक्कामाला यावर बैठक बसली. काही जण म्हणाले, "गेलेल्या माणसाचं नाव आहे, लिहू द्या की." जुने विणेकरी म्हणाले, "शंभर वर्षांत आपण अन्नदात्याचं नाव पंगतीत लावलं नाही. आज एक पाटी लागली, तर उद्या दहा लागतील. मग ज्याच्याकडं टँकरचे पैसे नाहीत, त्यानं आपल्या भावाला कुठं लिहावं?" ते ऐकून हे गप्प झाले. राग आला होता, हे त्यांनीच नंतर सांगितलं. पण पाणी त्यांनी थांबवलं नाही. बिनपाटीचा टँकर पंढरीला पोचला.

गोष्ट इथं संपली असती, तर आम्ही सांगितलीच नसती. काल्याच्या दिवशी ते म्हणाले, "माउली, इतकं चाललो, पायाला फोड आले, हजारोंना पाणी पाजलं. पण जीव काही हलका झाला नाही." विणेकऱ्यांनी एवढंच विचारलं, "भावजयीच्या घरी कधी गेला होतास?"

ते गावी परतले आणि घरी जायच्या आधी भावजयीच्या दारात गेले. पुतण्याला घेऊन शेतात गेले, पंचांना बोलावलं, आणि धुऱ्याचा दगड आपल्या हातानं आपल्याच वावरात मागं सरकवला. पुढच्या वर्षी तो पुतण्या दिंडीत होता, बापाचे टाळ त्याच्या गळ्यात होते. टँकर आजही येतो. त्यावर नाव नाही.

माउलींनो, गेलेल्याच्या नावानं चालणं, पाणी देणं, पंगत घालणं, हे चांगलंच आहे. आपली वारी अशाच दानावर उभी आहे. पण दानानं मागची बाकी फिटत नाही. ती ज्याची त्याच्या दारात जाऊनच फेडावी लागते. वाटेत आपण अनोळखी माणसाच्या पाया पडतो, त्याला माउली म्हणतो. मग घरच्या सख्ख्या भावाशी अबोला धरून पंढरीची वाट कशी चालायची?

म्हणून या शंभराव्या वर्षी दिंडीच्या वतीनं एकच मागणं आहे. वर्गणी द्या अगर देऊ नका. पण ज्याचा भाऊ, ज्याची बहीण जिवंत आहे आणि बोलणं बंद आहे, त्यानं प्रस्थानाच्या आधी त्यांचं दार वाजवावं. जमलं तर त्यांना सोबत घेऊन यावं. ज्यांची भावंडं गेली, त्यांनी त्यांचे टाळ खुंटीवर गंजू देऊ नयेत. घेऊन या. आपल्या दिंडीत नवी पोरं येतात, त्यांना टाळ कमी पडतात.

काही उणं-अधिक बोललो असू तर पदरात घ्या.

रामकृष्ण हरी!