श्वासांची मोजदाद

रुग्णालयात दाखल होणाऱ्या रुग्णाच्या तक्त्यावर परिचारिका ताप, नाडी, रक्तदाब आणि श्वसन यांच्या नोंदी ठेवीत असतात. परंतु प्रकृती ढासळू लागल्याची वर्दी बहुधा रक्तदाबाच्याही आधी देणारी श्वसनाची नोंदच जगभर सर्वांत उपेक्षित राहिली आहे, कारण सामान्य कक्षात तिच्यासाठी यंत्र नसते, लागते ते घड्याळ आणि पुऱ्या मिनिटाची सवड. प्रौढाचे श्वास मिनिटास १२ ते २० असतात. म्हणून घाईत न मोजताच ‘२०’ लिहून मोकळे होण्याचा मोह! कसबी परिचारिका नाडीवरचे बोट न काढता छातीची हालचाल निरखते, कारण मोजदाद चालली आहे हे कळताच रुग्णाच्या श्वासाची लय बदलते.