शुश्रूषेची रजा

कुटुंब हा आपल्या समाजाचा कणा आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु वडील रुग्णालयात असताना रोज बुडेल या धास्तीने पाळीवर जाणाऱ्या कामगाराला हे वाक्य कसे ऐकू येत असेल?

ज्या अमेरिकेला आपण व्यक्तिवादी म्हणतो, तेथील केंद्रीय कायद्याने १९९३ साली १२ आठवड्यांची कौटुंबिक रजा दिली. पण ती बिनपगारी. कॅलिफोर्निया राज्याने २००२ साली त्यापुढे पाऊल टाकले. आजारी माता-पिता, पती-पत्नी वा अपत्य यांच्या शुश्रूषेसाठी २००४ पासून तेथे वेतनाचा काही अंश मिळू लागला. निधी उभा राहतो तो कामगारांच्याच वेतनातील अल्प कपातीतून.

आपल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत स्वतःच्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. प्रसूतीसाठी २०१७ पासून २६ आठवड्यांची रजा आहे. वृद्ध माता-पित्यांच्या सेवेसाठी मात्र केंद्रीय कामगार कायद्यात वेगळी सवेतन रजा नाही.

विमा योजनेची चौकट सिद्ध आहे. तिचा विस्तार हवा. कुटुंबाचा गौरव व्यासपीठावरून पुष्कळ झाला. तो श्रमिकाच्या पगारपत्रकात उमटावा, हा आग्रह आपण नाही तर कोणी धरायचा?