मासे धरायचा परवाना कितीला पडतो?

(नेकनूर इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मी भाषणवाला नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलो. मुंबईत भाऊच्या धक्क्यावर मासळीचे क्रेट आणि बर्फाच्या लाद्या उचलतो, आणि रात्री बोटांत जीव उरला तर कविता लिहितो. आज कविता वाचणार नाही. आज हिशेब वाचणार आहे. आपल्या माणसाला कविता चटकन कळते, हिशेब मात्र त्याच्यापर्यंत कुणी येऊ देत नाही.

हिशेब मासे धरायच्या परवान्याचा. तुम्ही म्हणाल, नेकनूरला समुद्र कुठाय? बालाघाटाच्या या डोंगरात उन्हाळ्यात माणसाला प्यायला टँकर लागतो, अन् हा गडी मासळीच्या गोष्टी सांगतोय. पण आजूबाजूला बघा. गावोगाव पाझर तलाव आहेत. पालीला बिंदुसरेचं धरण, धनेगावला मांजरेचं, माजलगावला सिंदफणेचं. जिथं पाणी टिकतं तिथं मासा येतो. आणि मासा आला की त्याच्या मागोमाग कागद येतो.

हा कागद आधी समजून घ्या. समुद्रात बोटीला परवाना लागतो. त्यासाठी 1981 चा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आहे. पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद. 2008 च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, त्यानंतर बोटीवरच्या माणसाला बोटांच्या ठशाचं ओळखपत्रही आलं. ज्याच्याकडं परवाना, त्याला डिझेलवरच्या कराचा परतावा. म्हणजे परवाना ही नुसती परवानगी नाही. सवलतीच्या कोठाराची किल्ली आहे ती. आम्ही धक्क्यावरचे लोक त्या कोठारातला माल डोक्यावर वाहतो, किल्ली आमच्याकडं कधीच नसते.

इकडं गोड्या पाण्यात तऱ्हा वेगळी. इथं तलाव ठेक्यानं जातो. मच्छीमारांची सहकारी संस्था असते, ती मत्स्यव्यवसाय खात्याकडून तलाव घेते. पाणी किती हेक्टर पसरतं त्यावर ठेक्याचा हिशेब. मग संस्थेनं पाण्यात बीज सोडायचं, कटला, रोहू, मृगळ. ते वाढलं की सभासदांनी जाळं टाकायचं. ऐकायला झकास आहे. पण नीट बघा, सगळं एका रजिस्टरावर येऊन थांबतं. रजिस्टरात नाव असलं तर तुम्ही मच्छीमार. नाव नसलं तर तेच पाणी, तेच जाळं, तोच मासा, आणि तुम्ही चोर.

आता मी विचारतो, हे तलाव आले कुठून? आभाळातून पडले?

1972 चा दुष्काळ तुम्ही बघितला नाही, मीही नाही. माझ्या आजीनं बघितला. तेव्हा महाराष्ट्रात दुष्काळी कामावर लाखो माणसं खडी फोडत होती, माती वाहत होती. लाल मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन बायांनी पाट्या उचलल्या. त्यातून रस्ते झाले, बांध झाले, पाझर तलाव झाले. पुढं 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि खोदाई चालूच राहिली. त्या हजेरीपटावर कोण होतं? ज्याला जमीन नाही तो. महार, मांग, वंजारी, भटका, मराठ्यातला कोरडवाहू फाटका. तलाव झाला. खाली ज्याची जमीन त्याची विहीर भरली, त्याचा ऊस उभा राहिला. ज्यानं माती वाहिली तो तोच ऊस तोडायला कोयता घेऊन गाव सोडून गेला.

पाणी जमीनवाल्याला गेलं. निदान पाण्यातला मासा तरी खोदणाऱ्याला मिळावा का नाही? त्याला ना जमीन लागते ना विहीर. लागतं एक जाळं आणि एक नाव.

माझ्या चुलत्यानं त्या नावासाठी खटपट केली. तलावाचं नाव घेत नाही, कचेरीचंही नाही. एका कचेरीचं नाव घेतलं तर बाकीच्या म्हणतील आम्ही त्यातले नाही. चुलता दरवर्षी ऊसतोडीला जायचा. पाठीचा मणका गेला. म्हणाला, आता कोयता नको, जाळं घेतो.

संस्थेच्या माणसानं सांगितलं, "सभासद पूर्ण झाले." कचेरीत गेला तर म्हणले, "संस्थेकडून लिहून आणा." संस्थेनं सांगितलं, "कचेरीनं कळवलं तर बघू." पुन्हा कचेरी. साहेब मीटिंगला. पुन्हा कचेरी. साहेब आहेत, पण रहिवाशाचा दाखला जुना झाला. मग तलाठी, मग प्रतिज्ञापत्र, मग झेरॉक्स, मग फोटो. शेवटाला एकजण हळूच बोलला, "नाना, तुम्ही मासे कधीपासून धरता, त्याचा काही पुरावा?"

दोस्तांनो, माशाचा पुरावा काय असतो? काटे?

चौदा हेलपाटे झाले. पावतीवर जी रक्कम छापलेली असती ती चुलत्यानं एका-दोन हजेरीत फेडली असती. पण चौदा दिवसांच्या चौदा हजेऱ्या बुडाल्या. एसटीचं भाडं वेगळं, चहापाणी वेगळं. ते चहापाणी कुणाचं ते विचारू नका. एवढं करून नाव लागलं नाही. म्हणून मी म्हणतो, परवान्याची खरी किंमत रुपयात काढू नका, हजेरीत काढा. पगारदार माणूस रजा टाकून कचेरीत जातो. आपला माणूस चूल विझवून जातो. एकच फी दोघांना सारखी पडत नाही. सरकारनं फी माफ केली तरी या चौदा दिवसांची माफी कुठल्याच कागदावर येत नाही.

इथं एक गोष्ट ठणकावून सांगतो. तलावावर जो भोई बसलाय, कहार बसलाय, तो आपला दुश्मन नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्याचं पोट पाण्यावर. तोही भटक्या-विमुक्तांतला, आपल्याइतकाच उघडा. त्याला नीट विचारा, ठेक्याचा पैसा कुणी भरला? बिजाचा पैसा कुणी दिला? बऱ्याच जागी मागं एक व्यापारी असतो. तो आधी पैसे मोजतो आणि मग सगळा मासा आपल्या भावानं उचलतो. ऐकल्यासारखं वाटतंय ना? ऊसतोडीला मुकादम उचल देतो, आणि नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतो. तिकडं कोयत्याला उचल, इकडं जाळ्याला उचल. संस्था भोयाच्या नावाची, परवाना भोयाच्या नावाचा, मासा व्यापाऱ्याचा. आपण आणि भोई तळ्याकाठी डोकी फोडून घेतली तर तो व्यापारी सावलीत बसून वजनकाटा धरील.

कुणी म्हणेल, सरकार देतंय की. खरं आहे. 2020 पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अनुसूचित जातीला आणि बायांना 60 टक्के अनुदान आहे, इतरांना 40. एप्रिल 2025 मध्ये राज्यानं मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. मी याला थू म्हणत नाही. पण उरलेले 40 टक्के भूमिहीनानं कुठून आणायचे? शेततळं करायला शेत कुठाय? आणि जातीचा दाखला काढायचा तर 10 ऑगस्ट 1950 च्या आधीपासूनचा रहिवास दाखवा. त्या काळातली आपल्याकडची कैक दप्तरं उर्दूत. आजा शाळेत गेलाच नाही, तर शाळेचा उतारा कुठून येणार? गावानं जी जात घराच्या दिशेवरून ओळखली, पाणी वाढताना ओळखली, मढं नेताना ओळखली, तीच जात कचेरीला मात्र पटवून द्यायची!

पाण्याचा कागद आणि पाणी यांच्यात किती अंतर असतं, ते बाबासाहेबांनी आपल्याला दाखवलंय. 1923 साली बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात पास झाला. 1924 साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं. कागदावर तळं उघडं, काठावर बंद. 20 मार्च 1927 ला माणसं चालत गेली, ओंजळ भरली, मार खाल्ला. तरी कोर्टाचा शेवटचा निकाल यायला 17 मार्च 1937 उजाडला. दहा वर्षं! त्या तळ्यात पाण्याचा हक्क मागितला. आज आपण पाण्यातल्या भाकरीचा मागतोय. ओंजळ तीच आहे.

मग करायचं काय? घोषणा द्या, पण घोषणेच्या आधी कागद काढा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. दारिद्र्यरेषेखालच्याला तेही लागत नाहीत. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मत्स्यव्यवसाय खात्याला विचारा, आमच्या तलावाचा ठेका कुणाला, किती वर्षांचा, कितीचा. सभासदांची यादी मागा. ती यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. त्यात मेलेले किती, मुंबई-पुण्यात राहणारे किती, पाण्यात कधी पाय न बुडवलेले किती, ते गावालाच मोजू द्या. तिथंच मागणी करा की भूमिहीनांची नावं लावा, बायांची नावं लावा, भोयाच्या नावाशेजारी लावा. आणि कचेरीत एकटा चुलता पाठवू नका. चौघं जा. जे लिहायला शिकलेत त्यांनी अर्ज लिहा, पोच घ्या, पोचेवर तारीख घ्या. तोंडी "नाही" घेऊन परत येऊ नका, "नाही" लिहून मागा.

शहरात राहणाऱ्यांनो, तुमच्यासाठी शेवटचं. तुम्ही सुट्टीला गावी येता तेव्हा तळ्याकाठी फोटो काढता. पुढच्या खेपेला फोटो काढा, पण त्याआधी एक दिवस कचेरीत जा आणि त्या रजिस्टराची नक्कल मागा. तुमचा तो एक दिवस गावातल्या कुणाची तरी हजेरी वाचवील.

जय भीम!