टोक ओढण्याआधी

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा पाठ)



आम्ही पडलो सरकारी बांधकाम खात्यातले उपयंत्री, डिप्लोमावाले. भाषणाची सवय नाही. पण मंडळाने सांगितले, मुलांच्या उपयोगाचे काही बोला, म्हणून आमच्या रोजच्या कामातलीच एक गोष्ट सांगतो.

आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांतली मुले आज संगणकावर डिझाइन शिकत आहेत. पडद्यावर एक ठोकळा असतो. त्यावर क्लिक केले की कोपऱ्यांवर छोटे निळे ठिपके उमटतात. ऑटोकॅडमध्ये त्यांना ग्रिप म्हणतात. ठिपका पकडला की लाल होतो आणि माउस हलवला की ठोकळा लांबतो, फुगतो, तिरपा होतो. मुलांना याची फार गंमत वाटते, आणि वाटायलाच हवी.

आम्ही पॉलिटेक्निकमध्ये होतो तेव्हा ड्रॉइंग बोर्ड, मिनी ड्राफ्टर आणि ट्रेसिंग पेपर होता. शाईची रेघ चुकली तर ब्लेडने खरवडावी लागे. जास्त खरवडले की कागद फाटे. म्हणून रेघ हलवण्याआधी माणूस दोनदा विचार करी. आता हलवणे फुकट झाले आहे, त्यामुळे विचार मागे पडतो. आम्हाला आज एवढेच सांगायचे आहे की टोक ओढण्याआधी काय हलू द्यायचे नाही, ते ठरवा.

ही कल्पना नवी नाही. 1963 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने आपल्या पीएच.डी.साठी स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून रेघेचे टोक पकडायचे आणि सरकवायचे. पण त्याने त्यातच आणखी एक सोय ठेवली होती. या दोन रेघा समांतर राहाव्यात, हा कोन काटकोन राहावा, असे आधी सांगता येई. मग टोक कुठेही ओढा, या अटी पाळल्या जात. म्हणजे ओढणे आणि बंधन ही जोडी पहिल्यापासूनची आहे. आपण ओढणे तेवढे उचलतो आणि बंधन विसरतो.

आता घनाकृतीकडे येऊ. साध्या ठोकळ्याला 8 कोपरे, 12 कडा आणि 6 पृष्ठे असतात. त्याच्या वरच्या पृष्ठाचा एकच कोपरा सरळ वर ओढा. काय होईल? आता वरचे चार कोपरे एका सपाटीत राहत नाहीत. तीन पायांचे स्टूल कधी डुगडुगत नाही, चार पायांचे डुगडुगते, त्याचे कारण हेच. तीन बिंदू नेहमी एका सपाटीत बसतात, चौथ्याची खात्री नाही. अशा वेळी सॉफ्टवेअर वरच्या पृष्ठाला कर्णावर दुमडू शकते आणि एका चौकोनाचे दोन त्रिकोण करते. कोपरे 8 राहतात, पण कडा 13 होतात आणि पृष्ठे 7. आपण हलवला एक कोपरा, पण आकृतीची जातच बदलली.

हे आमच्या फरशीवाल्या मिस्त्रीला संगणकाशिवाय कळते. न्हाणीघराचा एकच कोपरा जाळीकडे खाली घ्यायचा असला की तो मोठी फरशी कर्णावर कापतो. अखंड फरशी पिळता येत नाही हे त्याच्या हाताला माहीत असते. पडद्यावर काम करणाऱ्याला ते डोक्यात ठेवावे लागते.

दुसरे उदाहरण पैशाचे. 10 मीटर लांब आणि 3 मीटर उंच अशी एक संरक्षक भिंत घ्या. पायाशी जाडी दीड मीटर, माथ्याशी अर्धा मीटर. काँक्रीट होते 30 घनमीटर. आता कोणीतरी उताराच्या बाजूची वरची कड पकडली आणि दिसायला बरी वाटावी म्हणून 10 सेंटिमीटर बाहेर ओढली. पडद्यावर ते जेमतेम दिसते. पण भिंत झाली साडेएकतीस घनमीटर. दीड घनमीटर जास्त, म्हणजे साधारण साडेतीन टन माल. त्याचे सिमेंट, गिट्टी, वाळू, मजुरी हे सगळे एस्टिमेटमध्ये यायला हवे. नकाशा बदलला आणि एस्टिमेट जुनेच राहिले, तर बिलाच्या वेळी भांडण ठरलेले.

तिसरे उदाहरण जिन्याचे, आणि ते आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. 3 मीटर उंची चढायला 15 सेंटिमीटरच्या 20 पायऱ्या. नंतर ठरले की वरचा मजला 10 सेंटिमीटर उंच घ्यायचा. घाईत एखादा वरचे पृष्ठ पकडून तेवढे वर ओढतो. आकडा बरोबर येतो, 3 मीटर 10 सेंटिमीटर. पण 19 पायऱ्या 15 च्या राहिल्या आणि शेवटची झाली 25 ची! आम्ही असा जिना एका इमारतीत प्रत्यक्ष पाहिला आहे. इमारतीचे नाव सांगत नाही. तरुण माणूस तिथे अडखळतो आणि हसून पुढे जातो. पण वयस्कर माणसाचा पाय सवयीने 15 सेंटिमीटरच उचलला जातो. चढताना बोट अडकते, आणि उतरताना तर पहिलेच पाऊल अंदाजापेक्षा खोल पडते. खुब्याचे हाड मोडायला तेवढे पुरते. खरे म्हणजे 310 ला 20 ने भागायचे होते. प्रत्येक पायरी साडेपंधरा सेंटिमीटर, आणि कुणाच्या लक्षातही आले नसते.

मुले विचारतात, मग ओढणे वाईट का? अजिबात नाही. हे मोदकासारखे आहे. पारीच्या कळ्या हाताने चिमटून सुबक करता येतात, तिथे मोजमाप लागत नाही. पण सारण वाढवायचे असेल तर उकड जास्त घेण्यापासून सुरुवात करावी लागते. वळून झालेल्या मोदकात ते कोंबता येत नाही. सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये आकृती कोणत्या पायऱ्यांनी आणि कोणत्या मापांनी झाली, याची पूर्ण कृती जपलेली असते. तिथे पायऱ्यांची संख्या आणि एकूण उंची यांचे नाते एकदा लिहून ठेवले की उंची बदलताच सगळ्या पायऱ्या आपोआप बदलतात. बाहेरून आलेल्या फाइलमध्ये ही कृती बहुधा नसते, नुसता तयार आकार असतो. तिथे ओढण्यावाचून गत्यंतर नाही. नवा विचार पटकन करून पाहायलाही ओढण्यासारखी सोय नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना तीनच गोष्टी सांगतो. पहिली, ओढण्याआधी काय स्थिर राहिले पाहिजे ते कागदावर लिहा. जोत्याची पातळी, खांबाचा मध्य, पायरीची उंची, जे असेल ते. दुसरी, नजरेने ओढू नका. टोक पकडा, दिशा दाखवा आणि अंतर आकड्यात टाइप करा. तिसरी, ओढून झाल्यावर घनफळ पुन्हा काढा आणि एक छेद घेऊन आत डोकावा. या तिन्हींना मिळून पाच मिनिटे लागतात.

पालकांनाही एक विनंती. मुलगा किंवा मुलगी सॉफ्टवेअर शिकते आहे म्हटल्यावर आपण निश्चिंत होतो. कमांड तर महिन्याभरात येतात. घरातला जिना टेपने मोजायला लावा, न्हाणीघराचा उतार पाण्याचा तांब्या ओतून दाखवा. उद्या ती मुले पुण्याला जावोत की इथेच राहोत, त्यांनी पडद्यावर ओढलेल्या टोकावर कुणाचे तरी पाऊल पडणार आहे.